पहिली फेरी हळू: लहान मुलांना लांब पळायला शिकवताना

आमच्या गल्लीतली सात पोरं पहिल्यांदा मैदानावर नेली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "पाच फेऱ्या मारायच्यात." पुढचं वाक्य तोंडात होतं तोवर सगळी सुटलीसुद्धा. पहिली फेरी वाऱ्यासारखी. दुसरीत दोघं कमरेवर हात ठेवून उभे. तिसरीत एक जण गवतात आडवा, आणि त्याचे वडील कठड्यावरून ओरडतायत, "अरे, चिकाटी म्हणून नाही तुझ्यात, ऊठ!"

चिकाटीचा तिथे काही संबंधच नव्हता. पोरानं पहिल्या दोनशे मीटरमध्ये सगळा दम उधळला होता, पुढच्या आठशेला शिल्लक काही नव्हती. असा दम संपल्यावर मोठा माणूसही आडवाच होईल. गेली काही वर्षं साताऱ्यात मुलांबरोबर पळताना माझं एक मत पक्कं झालंय: लहान मुलाला चिकाटी वेगळी शिकवावी लागत नाही. त्याला वेगाचा अंदाज शिकवा. अंदाज आला की ते थांबत नाही, आणि न थांबणाऱ्या पोराला आपण चिकाटीचं म्हणतो.

आमच्या सासूबाई माण तालुक्यातल्या. लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणलेल्या. मी नव्यानं पळायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला धापा टाकताना बघून म्हणाल्या, "अगं दमानं घे की. विहीर काय पळून चाललीय?" आपल्याकडे हळू म्हणायला 'दमानं' म्हणतात. दम राखून, दमाच्या मापानं. पुढे जे लिहितेय ते त्या एका शब्दाचाच विस्तार आहे.

सुरू करण्याआधी

वय बघा. सहा-सात वर्षांच्या मुलाला मी सलग पळवतच नाही. चालणं-पळणं मिळून 400 ते 800 मीटर, तेही खेळातून. आठ-नऊला एक ते दोन किलोमीटर, दहा-अकराला तीनपर्यंत, आणि बाराव्या वर्षी तयारी असेल आणि मुलानं स्वतः म्हटलं तर पाच. हे माझे आडाखे आहेत, शिलालेख नव्हे. पण चूक करायचीच तर कमीच्या बाजूला करा. 2006 मध्ये ओडिशात चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर असं सुमारे 65 किलोमीटर पळवलं होतं. देशभर कौतुक झालं, मग गदारोळ झाला आणि शेवटी सरकारला त्याच्या लांब पळण्यावर बंदी घालावी लागली. मूल पळू शकतं म्हणून पळवायचं नसतं.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बाकीच्या दिवशी लगोरी, खो-खो, सायकल, झाडावर चढणं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवायला सांगते; ती सगळी पळूनच भरायची असं कुठेही म्हटलेलं नाही.

दमा, हृदयाचा जुना त्रास, पळताना कधी चक्कर येऊन पडलेलं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इनहेलर असेल तर तो घरी कपाटात नको, मैदानावर तुमच्या खिशात हवा.

वेळ सकाळची. मोठ्यांच्या तुलनेत मुलांच्या अंगात पळताना किलोमागे उष्णता जास्त तयार होते आणि घाम कमी येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये साडेसातनंतर मी कुणालाच पळू देत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वेगळीच भानगड: रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि यवतेश्वरच्या घाटात धुक्यात गाडीवाल्याला पोर दिसत नाही. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये मैदान, नाहीतर सुट्टी.

बुटांवर फार खर्च करू नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट, एवढं बघा. 'वाढत्या अंगाला' म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट हे टाच सोलण्याचं हमखास साधन आहे. स्वच्छ गवतावर अनवाणी थोडं पळालं तरी उत्तम.

मैदान मोजून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण यावरच पुढचं सगळं उभं आहे. मैदानाची फेरी किती मीटरची आहे हे कुणाच्या सांगण्यावर सोडू नका. मोबाइलचा जीपीएस छोट्या फेरीत, वळणांवर गडबडतो. सायकलच्या चाकाला खडूची खूण करा, चाक एकदा फिरलं की किती अंतर जातं ते टेपनं मोजा आणि चाकाचे फेरे मोजत सायकल ढकलत न्या. आम्ही तसं करून फक्कीनं 200 मीटरची फेरी आखली. दोनशेचा फायदा असा की पाच फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर होतो आणि मुलांना हिशेब तोंडी जमतो. दर 50 मीटरला एक वीट ठेवली. विटांचा उपयोग पुढे कळेल.

पहिले दोन आठवडे: बोलत पळा

या काळात फेरीला घड्याळ लावायचं नाही. नियम एकच, पळताना बोलता आलं पाहिजे. मी मुलांना पाढे म्हणायला लावते. चारचा पाढा सलग म्हणता येतोय, दर एक-दोन ओळींनी श्वास घ्यावा लागतोय, तर वेग बरोबर. 'चार त्रिक' म्हणून थांबून 'बारा' नंतर येत असेल तर वेग जास्त. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही. पाढ्यांचा जोडफायदा पालकांना फार आवडतो, मला त्याचं एवढं कौतुक नाही. पण बोलणं थांबलं की मुलाला स्वतःलाच कळतं, मी सांगावं लागत नाही, हे महत्त्वाचं.

पद्धत अशी: पाच मिनिटं झपाझप चालणं, मग एक मिनिट पळणं-दीड मिनिट चालणं असं सहा वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट पळणं, एक मिनिट चालणं. चालायची पाळी दम लागला म्हणून येत नाही, वेळ झाली म्हणून येते. या फरकानं चालण्यातली लाज जाते.

इथे मोठ्यांची एक चूक हमखास होते. आपण आपल्या 'हळू' वेगानं पळतो आणि मूल शेजारी फरफटतं. लहान मुलाला त्याच वेगासाठी वजनाच्या मानानं मोठ्यापेक्षा जास्त प्राणवायू लागतो. पाय आखूड, पावलं जास्त, पळण्याची लयही अजून बसलेली नसते. तुमचा गप्पांचा वेग हा त्याचा शर्यतीचा वेग असू शकतो. म्हणून मुलाच्या अर्धा पाऊल मागे पळा. पुढे पळालात की ते तुमचा वेग पकडायला बघणारच.

वहीतले आकडे

तिसऱ्या आठवड्यात मी स्टॉपवॉच आणि वही काढली. गवतात आडव्या झालेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला म्हटलं, तुला हवं तसं पाच फेऱ्या पळ. त्याच्या फेऱ्या सेकंदांत अशा आल्या: 55, 85, 120, 125, 110. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बराच भाग चालत. एकूण 495 सेकंद, म्हणजे सव्वाआठ मिनिटं.

पुढच्या आठवड्यात त्याला एकच अट घातली, पहिली फेरी 95 सेकंदांच्या आत संपवायची नाही. लवकर आलास तर रेषेवर उभं राहायचं. त्याला हा अपमान वाटला. सगळे पुढे जात होते, हा रडकुंडीला आला. फेऱ्या आल्या 98, 96, 95, 97 आणि शेवटची 84. एकूण 470 सेकंद, सात मिनिटं पन्नास. पहिल्या फेरीत 43 सेकंद जास्त लावूनही किलोमीटर 25 सेकंद लवकर संपला, आणि एक पाऊलही चालला नाही.

एका आठवड्यात कुणाचा दम वाढत नाही. दम तोच होता, खर्च बदलला होता. मी वही त्याच्या हातात दिली आणि काही बोलले नाही. तो दोन्ही ओळींच्या बेरजा पुन्हा पुन्हा करत बसला, कारण त्याला वाटत होतं काकूंचं गणित चुकलंय.

हा प्रयोग प्रत्येक मुलावर एकदा कराच. आधी उधळू द्या, मग राखायला लावा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. आपण शंभरदा 'हळू पळ' म्हटल्यानं होत नाही ते या दोन ओळींनी होतं.

तिसरा ते सहावा आठवडा: घड्याळ लपवा

आता खेळ सुरू. मूल दोनशेची एक फेरी पळतं, घड्याळ माझ्या मुठीत. रेषेवर आलं की आधी त्यानं सांगायचं, किती सेकंद झाले असतील. मग मूठ उघडायची. जो सर्वांत जवळचा अंदाज सांगेल तो जिंकला. सर्वांत वेगानं आलेल्याला काही नाही. सुरुवातीला वीस-वीस सेकंदांनी चुकतात. महिन्याभरात तीन-चार सेकंदांवर येतात, आणि बऱ्याचदा सर्वांत हळू पळणारं मूल सर्वांत अचूक निघतं. गल्लीतल्या एका गोलमटोल मुलीनं हा खेळ सलग चारदा जिंकला. त्याआधी ती मैदानावर केवळ धाकट्या भावाला सोडायला यायची.

पुढची पायरी विटांची. नव्वद सेकंदांची फेरी ठरवली तर 50 मीटरच्या प्रत्येक विटेपाशी साडेबावीस सेकंदांनी पोचायचं. मी शिट्टी वाजवते. शिट्टीला मूल विटेपाशी असावं. विटेच्या पुढे गेलं तर जोरात चाललंय, मागे राहिलं तर हळू. दोन फेऱ्या शिट्टीवर, तिसरी फेरी शिट्टीशिवाय. तिसरीतच खरी गंमत.

सारख्या वेगाचं मोठ्या माणसाचं उदाहरण सांगायचं तर मी केनियाचा मॅरेथॉन धावपटू एलियुड किपचोगे याचं सांगते. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात त्यानं मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं. वेग राखून देणाऱ्या धावपटूंच्या तुकड्या बदलत असल्यानं तो अधिकृत विक्रम धरला जात नाही, पण आपल्याला इथे विक्रमाशी काम नाही. त्याचे सगळे किलोमीटर 2 मिनिटं 48 सेकंद ते 2 मिनिटं 52 सेकंद यांच्या आत आले. बेचाळीस किलोमीटर, आणि फरक चार सेकंदांचा! पोरांना वेगाचं आश्चर्य वाटत नाही, ते सगळ्यांनाच माहीत असतं. 'सगळे सारखेच?' याचं वाटतं.

आणि घरचं उदाहरण ललिता बाबर यांचं. माण तालुक्यातल्या मोही गावच्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत गेल्या आणि दहाव्या आल्या. या शर्यतीत साडेसात फेऱ्यांत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. मुलांना मी मैदानावर पस्तीस उड्या मोजून मारायला लावते, नुसत्या, जागच्या जागी. मग सांगते, आता याच्यामध्ये तीन किलोमीटर घाला. दहावा नंबर म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चढ

साताऱ्यात राहून चढ टाळणं शक्य नाही, आणि टाळूही नये. महिन्यातून दोनदा मी मुलांना अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर नेते. सपाटीवर वेग सारखा ठेवायचा असतो, चढाला श्वास सारखा ठेवायचा. हे वाक्य मुलांच्या डोक्यावरून जातं. म्हणून पुन्हा पाढा. खाली चारचा पाढा ज्या सहजतेनं म्हणता येतो, त्याच सहजतेनं वरच्या वळणावर म्हणता आला पाहिजे. त्यासाठी पावलं आखूड करावी लागतात, नजर दहा पावलांवर ठेवावी लागते, कधी चालावंही लागतं. दरवेळी एखादा बहाद्दर पहिल्या वळणापर्यंत सुसाट जातो आणि चालत येणाऱ्या आमच्या घोळक्याला दुसऱ्या वळणावर बसलेला सापडतो.

उतरताना शर्यत अजिबात नाही. गुडघ्यांवर आदळत, पाय रोवत उतरणारी मुलं पडतात तरी किंवा दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतात. उतार चालतच.

'काकू, थांबू का?'

हा प्रश्न येणारच, आणि खरी परीक्षा आपली असते. 'नाही, पळ' म्हणणं सोपं आहे आणि 'बस बाळा' म्हणणंही. आधी कारण ओळखा.

मी विचारते, कुठं दुखतंय ते दाखव. मूल एका बोटानं एकच जागा दाखवत असेल, म्हणजे टाचेची मागची बाजू, गुडघ्याखालचं हाड, घोटा, तर त्या दिवसाचं पळणं संपलं. साधारण आठ ते चौदा वयात हाडं वाढत असताना टाच आणि गुडघ्याखालची जागा दुखणं नेहमीचं आहे. विश्रांतीनं बरं वाटतं, पण लंगडत असेल किंवा दुखणं आठवडाभर राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. उलट सगळा तळहात दोन्ही पायांवरून फिरवून 'इथं सगळं' असं म्हणालं, तर ते दमलंय. छातीत दुखणं, श्वासात शिट्टीसारखा आवाज, चक्कर, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर लगेच सावलीत घ्या, पळणं विसरा. गरज वाटली तर दवाखाना गाठा.

बरगडीखाली कळ येते तेव्हा थांबून बसायचं नाही. चालायचं, दुखऱ्या जागी हात दाबून थोडं पुढे वाकायचं, पोटातून लांब श्वास सोडायचा. दोन मिनिटांत जाते. ती वारंवार येत असेल तर घरी विचारा, पळायच्या आधी काय खाल्लंय. पोटभर जेवणानंतर दोन-अडीच तास पळू नये. सकाळी निघताना अर्धं केळं पुरे, परतल्यावर शेंगदाण्याचा लाडू किंवा भाकरी-पिठलं. पाऊण तासाच्या पळण्याला साधं पाणी लागतं, रंगीत बाटल्या नाहीत. आणि कंदी पेढ्याचं आमिष दाखवू नका. मी दाखवलं होतं. पुढच्या वेळी सगळ्यांनी निघण्याआधीच बॉक्स तपासला.

नुसता दम लागला असेल तर आमचा नियम असा: थांबायचं तर विटेवर, मध्ये कुठेही नाही. आणि थांबायचं म्हणजे चालायचं, बसायचं नाही. पुढच्या विटेपर्यंत फार तर 50 मीटर असतात. तिथपर्यंत पोचलेलं मूल दहातल्या सहा-सात वेळा 'अजून एक' म्हणतं. उरलेल्या तीन-चार वेळा ते चालतं, आणि त्याला चालू द्यायचं. इथे शब्द मोडू नका. 'आलास ना इथवर, मग आता पूर्णच कर' असं एकदा जरी म्हटलंत तर पुढच्या वेळी विटेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

शाबासकी नेमकी द्या. 'मस्त!' याला काही अर्थ नाही. 'तिसऱ्या फेरीत मागे पडलीस, तरी वेग वाढवला नाहीस' हे मुलीच्या लक्षात राहतं. आणि पळणं ही शिक्षा कधीही करू नका. उशिरा आला, गृहपाठ नाही, मार मैदानाला दोन चकरा, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. माझ्या शाळेतही होतं, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षं मला पळणं म्हटलं की अपमानच आठवायचा.

एक गोष्ट पालकांसाठी. पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात, सोळाशे मीटरची. जिल्ह्याला सैन्याची परंपरा, घराघरांत कुणी ना कुणी फौजेत. लहान मुलं त्यांच्याकडे बघून पळायला शिकतात, चांगलंच आहे. पण त्यांची तालीम वेगळी, वय वेगळं. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात सोळाशेचं टायमिंग देऊन त्याला भरतीचा उमेदवार करू नका. आणि मुलगी अकरा-बाराची झाली की तिचं मैदान बंद करू नका. पाळी सुरू होण्याच्या सुमारास तिला सोयीचे कपडे, कुणाशी बोलायचं ते माणूस आणि 'आज नको' म्हणायची मोकळीक द्या, ती येत राहते.

शर्यतीचा दिवस

दोन-अडीच महिन्यांनी एखादी शालेय किंवा हौशी शर्यत धरायला हरकत नाही. आदल्या दिवशी पळणं नाही. शर्यतीला नवे बूट नाहीत. रस्ता आधी चालून बघा आणि मुलालाच ठरवू द्या: इथवर आजीच्या चालीनं, या झाडापासून नेहमीच्या वेगानं, त्या कमानीपासून हवं तसं.

उभं करायचं मागच्या रांगेत. बंदूक वाजली की पहिली शंभर पोरं सुसाट सुटतात आणि तुमच्या मुलाचा चेहरा पडतो. त्याला आधीच सांगून ठेवा की असं होणार, आणि हेही सांगा की पहिल्या पाचशे मीटरनंतर त्यानं मागे टाकलेल्यांची मोजणी सुरू करायची. आमच्या त्या गवतातल्या मुलानं पहिल्या शर्यतीत एकतीस मोजले. नंबर कितवा आला ते त्याला सांगता आलं नाही, एकतीस मात्र गल्लीभर सांगून झाले. वडील यावेळीही कठड्यापाशी होते. 'पळ, पळ' ओरडताना एकदम थांबले आणि शेजारच्याला विचारू लागले, की तो अजून हसतोय कसा.

नंतरचे दोन दिवस सुट्टी. वहीत आकडे मुलानंच लिहायचे, आपण नाही. आणि सहा-आठ महिन्यांनी त्याला पळणं नको झालं तर वही कपाटात ठेवून द्या. माझी थोरली आता पळत नाही, खो-खो खेळते. परवा तिचा सामना बघायला गेले होते. पळतीला उतरली ती सुरुवातीला नुसती खांबाभोवती दमानं फिरत राहिली, पाठलागवालीला दमवत. प्रशिक्षक बाहेरून ओरडत होते, "अगं, जोर लाव!" तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.